अकरा महिन्यांचा धाक

मुंबईत घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचाच का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: नोंदणी टाळायला. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908च्या कायद्याने नोंदवावाच लागतो, तेव्हा उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. 31 मार्च 2000 रोजी लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कितीही मुदतीचा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, असे ठरवले. तरी अकराचा आकडा जागचा हलला नाही. कारण त्याच्या मुळाशी नोंदणीपेक्षा जुना धाक आहे: आत आलेला माणूस बाहेर पडेल ना?

हा धाक 1947च्या मुंबई भाडे कायद्याने घातला. भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधली गेली, आणि प्रमाण भाडे भरणाऱ्याला कायद्यात दिलेल्या कारणांवाचून काढता येईना. मुदत संपणे हे त्यातले कारण नव्हते. मुदतीआधी घर सोडण्याचा प्रश्न तर उलटाच झाला. चाळीतली खोली सोडणे म्हणजे ती विकणेच. नवा माणूस पागडी मोजी, जुना भाडेकरू आणि मालक ती वाटून घेत. मग मालकांनी 'भाडेकरू' हा शब्दच टाळला आणि 1882च्या सुविधाधिकार कायद्यातला 'परवाना', म्हणजेच लायसन्स, हाताशी धरला, कारण परवान्याने जागेत हक्क निर्माण होत नाही. ही ढालही फुटली. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना सरकारने दुरुस्ती करून भाडेकरू ठरवले.

आजच्या कराराचा साचा या इतिहासातून आला आहे. मुदतीनंतर न हलणाऱ्याला दुप्पट भरपाईचा बडगा कायद्यातच आहे. लवकर निघणाऱ्याचे भवितव्य मात्र नोटीस आणि लॉक-इनच्या (ठरावीक काळ घर न सोडण्याच्या) कलमांवर, म्हणजे बहुधा मालकाच्या मसुद्यावर सोडलेले. मधेच घर रिकामे झाले तर मालकाचेही नुकसान होते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे माप 1872च्या करार कायद्याच्या कलम 74 मध्ये आहे: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, मिळायची ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. उरलेल्या महिन्यांचे सगळे भाडे आपोआप वाजवी ठरत नाही. अडचण एवढीच की अनामत आधीच मालकाकडे असते, आणि कोर्टाची पायरी भाडेकरूला चढावी लागते. म्हणून सही करण्यापूर्वी लॉक-इनचे कलम वाचा, आणि खोडायचे असेल तर तेव्हाच खोडून घ्या.