प्राणी-प्रारूपे : जुनाट फुप्फुसविकार आणि वनौषधी

जुनाट फुप्फुसविकारासारखी अवस्था प्रयोगशाळेतील प्राण्यांत मुद्दाम निर्माण करून तिच्यावर वनौषधींचा परिणाम तपासण्याची पद्धत. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अडवणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार) व फुप्फुसांचा फायब्रोसिस (तंतू साचून फुप्फुस कठीण होणे) यांसाठी ती मुख्यतः वापरतात. प्राणी बहुधा उंदीर किंवा रॅट असतो. खोकल्याच्या अभ्यासाला मात्र गिनीपिग लागतो, कारण उंदीर माणसासारखा खोकत नाही.

पपईच्या चिकातील पपेन रॅटच्या फुप्फुसांत सोडले की सीओपीडीत होतात तशा वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात, हे 1960 नंतरच्या दशकात पॉल ग्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवले. पुढे त्याची जागा इलास्टेज या विकराने घेतली. सिगारेटच्या धुराचे प्रारूप माणसाच्या सीओपीडीला अधिक जवळचे. पण उंदरांना कित्येक महिने धूर देऊनही आजार सौम्यच राहतो. भारतात कित्येक स्त्रियांना हा विकार चुलीच्या धुराने जडतो. त्या धुरावरचे प्रयोग त्यामानाने फार थोडे आहेत, ही या क्षेत्रातील गंभीर उणीव होय.

फायब्रोसिससाठी सर्वाधिक वापर होतो तो ब्लिओमायसिनचा. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी शोधलेले हे कर्करोगावरील औषध रुग्णांच्या फुप्फुसांना इजा करते. त्याच दोषाचा येथे उपयोग केला जातो. श्वासनलिकेतून एक मात्रा दिल्यावर पहिला आठवडाभर दाह होतो, त्यानंतर फुप्फुसांत कोलॅजेनचे तंतू साचतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हळदीतील कर्क्युमिनमुळे रॅटमधील हे साचणे कमी झाल्याचे आढळले. मात्र कर्क्युमिन ब्लिओमायसिनच्या आधीपासूनच चालू होते. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा तंतू आधीच साचलेले असतात. म्हणून औषध दाह ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून दिले तरच ते फायब्रोसिसवर चालते की केवळ दाहावर, हे कळते. वनौषधींवरील बऱ्याच प्रयोगांत ही काळजी घेतलेली नसते. शिवाय तरुण उंदरांतील व्रण काही आठवड्यांत बराचसा आपोआप भरून येतो, माणसाचा तसा येत नाही. आणि तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.

प्राणी-प्रारूपावर विसंबून न राहिल्याचे प्रसिद्ध उदाहरण रॉजर अल्टुनियन यांचे. भूमध्यसागरी प्रदेशातील एका वनस्पतीच्या खेलिन या द्रव्यापासून सुचलेली संयुगे या दमेकरी डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये स्वतःवर तपासली. गिनीपिगच्या केसांचा अर्क श्वासावाटे घेऊन ते स्वतःला दम्याचा झटका आणत. 1965 साली हाती आलेले क्रोमोग्लिकेट पुढे दम्याचे प्रतिबंधक औषध म्हणून जगभर वापरले गेले.

प्रारूप निरुपयोगी नव्हे : पिरफेनिडोन हे संश्लेषित औषध ब्लिओमायसिन दिलेल्या हॅमस्टरमध्ये परिणामकारक ठरले आणि नंतर मानवी चाचण्यांतही उतरले. कर्क्युमिनला फायब्रोसिसवर अशी मानवी पुष्टी मिळालेली नाही. उंदरांतील निष्कर्षांवर विसंबून रुग्णाने चालू औषध किंवा इन्हेलर बंद करणे धोक्याचे आहे.