पोतचित्रण, तैलव्यक्तिचित्रातील

तैलरंगातील वास्तवदर्शी व्यक्तिचित्रात त्वचा, केस, वस्त्रे, दागिने यांचा स्पर्श डोळ्यांना जाणवावा अशा रीतीने पृष्ठभाग रंगवण्याचे कौशल्य. सर्व पृष्ठभाग एकाच कुंचल्याने आणि एकाच जाडीने रंगवले, तर साम्य साधूनही चित्रातला माणूस मेणाचा वाटतो.

पोत उभा राहतो तो धागे मोजून नव्हे, तर उजेड कुठे पडतो आणि कडा किती तीव्र आहेत हे ओळखून. रेशमावरची चमक अरुंद व प्रखर असते आणि तिला लागूनच गडद छटा येते. मखमलीचे उलट : समोरचा भाग गडद आणि उजेड घडीच्या कडेला, कारण तिथे उभ्या तंतूंच्या बाजू प्रकाश पकडतात. धातूत भोवतालचेच रंग अधिक दिसतात. केस आधी एकसंध आकार म्हणून छायाप्रकाशासह रंगवावेत; सुटे केस अगदी शेवटी, मोजकेच. त्वचा सर्वांत अवघड. सावळा किंवा गव्हाळ वर्ण नुसत्या तपकिरी रंगाने साधत नाही. त्यात लालसर, हिरवट, जांभळट छटा शोधाव्याच लागतात.

जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होते. म्हणून ओल्या रंगात रंग मिसळून गालाचे वळण मऊ करता येते. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्यांत जास्त ठेवतात, नाहीतर वरचा थर तडकतो. सावल्या पातळ व पारदर्शक, तर उजेडाच्या जागा दाट, ही जुनी रीत आजही उपयोगी आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटने ‘ज्यू वधू’ (सु. १६६५) या चित्रातील पुरुषाच्या सोनेरी बाहीवर रंगाचे इतके जाड थर दिले, की ती उठावशिल्पासारखी वर आली आहे.

स्पॅनिश चित्रकार वेलाथ्केथचे पोप दहावे इनोसंट यांचे चित्र (सु. १६५०, रोम) हा या कौशल्याचा सर्वोत्तम नमुना मानावा. अंगावरचे लाल रेशीम आणि खुर्चीवरची मखमल यांत लालाच्या कितीतरी जाती आहेत. पांढऱ्या झग्याची लेस जवळून पाहिल्यास केवळ सैल फटकारे दिसतात. चार पावले मागे सरताच ती लेस होते.

महाराष्ट्र-गोव्यात ही परंपरा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेमुळे रुजली. तिथे शिकवणारे, गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) ‘पूर्वेचे रेम्ब्रांट’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे.