‘भयानक मौत’ आणि मराठी समीक्षेचे मौन

मुंबईतील ‘भयानक मौत’ हा मेटल संगीताचा वाद्यवृंद 2003 मध्ये स्थापन झाला व त्याच नावाची त्याची ध्वनिमुद्रिका 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. पनवेलच्या एका विद्यार्थ्याने ती मला प्रथम ऐकविली, तेव्हा संगीताआधी नावानेच माझे लक्ष वेधून घेतले. ‘भयानक’ ही भरताची संज्ञा. ‘मौत’ शब्द अरबी, आणि आपल्या सातबाऱ्यावरील ‘मयत’ त्याच धातूचा. या दोहोंच्या संयोगाने मात्र जे डोळ्यांपुढे येते ते रामसे बंधूंच्या चित्रपटांचे भित्तिपत्रक होय. नावात हास्य आणि वाद्यघोषात भय, ही विसंगती हेतुपुरस्सर असावी.

या संगीताची समीक्षा प्रायः इंग्रजीतूनच झाली. 1993 मध्ये अलाहाबादेस निघालेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ आणि 2008 पासूनची ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती ही तिची प्रमुख पीठे. मराठीत या ध्वनिमुद्रिकेची गंभीर दखल माझ्या पाहण्यात नाही. गीते इंग्रजीत आहेत, हे कारण पुरेसे नव्हे. परभाषेतील चित्रपटांवर आपण विपुल लिहितो. खरे कारण असे की, हा केवळ गोंगाट आहे असे आपण गृहीत धरले.

वस्तुतः नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाच्या विभावांत विकृत रवाची गणना प्रथमच येते, आणि स्वरभेद हा त्याचा अनुभाव सांगितला आहे. (या रसाचा वर्ण कृष्ण, हेही मेटलच्या काळ्या पेहरावाच्या संदर्भात गमतीचे.) येथील गायकांचा घोगरा, गुरगुरणारा स्वर मिथ्या स्वरतंतूंच्या कंपनाने उत्पन्न होतो. तो कशात मोडतो? माझ्या मते तो स्वरभेद नव्हे. स्वरभेद भ्यालेल्याचा असतो; हा स्वर भिवविणाऱ्याचा आहे, म्हणून तो विभावच होय. सुनीत रेवणकर व विनय वेंकटेश या दोन गायकांच्या आवाजांकडे या दृष्टीने पाहिल्यास ‘शब्द कळत नाहीत’ हा नेहमीचा आक्षेप गैरलागू ठरतो. या स्वरात व्यंजनांचे भेद पुष्कळसे बुजतात. श्वापदाच्या आवाजाकडून तरी आपण व्यंजनांची अपेक्षा कोठे करतो?

एक अडचण मात्र उरते. भरताच्या मते बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ति होते. 1980 नंतरच्या दशकात फ्लोरिडात वाढलेल्या ‘डेथ मेटल’च्या परंपरेत बीभत्स असतो तो प्रामुख्याने शब्दांत, आणि शब्द तर ऐकू येत नाहीत. श्रोत्यास भय आधी भिडते. जुगुप्सा नंतर, गीतांचा छापील पाठ हाती आल्यावर. भरताचा क्रम येथे उलटतो. ज्याने तो पाठ वाचलाच नाही, त्याला बीभत्स भेटतच नाही. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तो वाचलेला नव्हता.