लिंकन कॉन्टिनेंटल : बंद होता होता वाचलेली मोटार

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी ते ज्या उघड्या मोटारीत बसले होते, तिचे छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ती १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल. मात्र त्याआधी पाचेक वर्षांपूर्वी लिंकन हे नावच मोडीत निघण्याच्या बेतात होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्याविषयी हा थ्रेड.

लिंकन कंपनी १९१७ साली स्थापन झाली. संस्थापक हेन्री लेलंड. कॅडिलॅकची उभारणीही याच गृहस्थांची. १८६४ साली आयुष्यातील पहिले अध्यक्षीय मत त्यांनी अब्राहम लिंकन यांना दिले होते. त्या आदरापोटी कंपनीला हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने बनवून कंपनी तगली, शांततेच्या काळात मात्र बुडाली. १९२२ मध्ये हेन्री फोर्ड यांनी ती ८० लाख डॉलरना विकत घेतली आणि तिचा कारभार एकुलता एक मुलगा एडसेल याच्याकडे आला.

एडसेल नावाला फोर्ड कंपनीचा अध्यक्ष. शेवटचा शब्द वडिलांचा. पण बापाला मोटारीच्या देखणेपणात रस नव्हता आणि मुलाला तो पुरेपूर होता. लिंकन ही त्याची हक्काची जागा ठरली. फ्लोरिडातील सुट्टीसाठी त्याने बॉब ग्रेगरी या आपल्या रचनाकाराकडून स्वतःपुरती एक मोटार करवून घेतली. ती युरोपीय, म्हणजेच ‘कॉन्टिनेंटल’ वळणाची, ठेंगणी, लांब बॉनेटची होती. १९३९ च्या वसंतात पाम बीचवर ती पाहून एडसेलच्या धनिक मित्रांनी मागणी केली आणि त्याच वर्षाअखेर तिचे उत्पादन सुरू झाले. १९४३ मध्ये एडसेल अवघ्या ४९ व्या वर्षी वारला. १९४८ मध्ये ही मोटारही थांबली.

आरंभीची कॉन्टिनेंटल दोन दारांची होती, हे येथे ध्यानात घ्यावे. १९५६ ची मार्क टू देखील तशीच. एडसेलचा धाकटा मुलगा विल्यम याच्या देखरेखीखाली झालेली ही मोटार सुमारे १० हजार डॉलरना विकली जाई, तरीही कंपनीला तिच्यात तोटाच होई. चार दारांची कॉन्टिनेंटल आली १९५८ मध्ये. लांबी सुमारे १९ फूट! नेमकी त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली आणि हे धूड गिऱ्हाइकाविना राहिले.

फोर्डमधील वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा हा आकडेवारीचा माणूस. लिंकन बंदच करावी, असा विचार त्याच्या मनात घोळत होता. अशात एलवूड एंगल या रचनाकाराने थंडरबर्ड या दोनदारी मोटारीसाठी केलेला मातीचा नमुना त्याच्या नजरेस पडला. याला चार दारे बसतील का, असे त्याने विचारले. बसली; पण मोटार आधीपेक्षा फूटभराहून अधिक आखूड झाल्याने मागच्या आसनावरून उतरताना पाय दाराला अडकू लागला. त्यावर साधा उपाय निघाला. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस गेल्या. पुढे जी राजेशाही ऐट मानली गेली, तिचा जन्म अडचणीतून झाला होता. प्रत्येक मोटार रस्त्यावर चालवून तपासल्यावरच कारखान्याबाहेर पडे. हमी २४ महिने किंवा २४ हजार मैलांची. लिंकन वाचली.

याच मॅकनमाराला पुढे केनेडींनी संरक्षणमंत्री केले. व्हिएतनाममुळे ओळखल्या जाणाऱ्या या माणसाच्या चरित्रात मोटारीचे हे प्रकरण सहसा एका ओळीत उरकले जाते.

अध्यक्षांची मोटार फोर्डने सरकारला वर्षाकाठी अवघ्या ५०० डॉलर भाड्याने दिली होती. सिनसिनाटीच्या हेस अँड आयझनहार्ट कंपनीने ती कापून सुमारे साडेतीन फुटांनी वाढवली. तिला पारदर्शक प्लास्टिकचे सुटे छत होते. पण ते गोळी अडवणारे नव्हते, आणि डॅलसमध्ये पाऊस ओसरल्याने ते बसवलेही नव्हते. हत्येनंतर ती मोटार नष्ट झाली असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिला चिलखती पत्रा, जाड काचा व कायमचे छत बसवले गेले, गडद निळा रंग जाऊन काळा आला आणि ती पुन्हा अध्यक्षीय ताफ्यात दाखल झाली. थेट १९७७ पर्यंत! आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

नंतरची कहाणी उताराची. १९७३ च्या तेलसंकटानंतरही कॉन्टिनेंटल काही वर्षे अवाढव्यच राहिली. १९८० मध्ये ती आखडली, १९८८ मध्ये पुढच्या चाकांवर चालू लागली. २००२ मध्ये उत्पादन थांबले. १९६१ ची मोटार जिथे तयार झाली तो मिशिगनमधील विक्सम येथील कारखाना २००७ मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये हे नाव पुन्हा बाजारात आले, परंतु तोवर अमेरिकी श्रीमंतांचा ओढा उंच एसयूव्हींकडे वळला होता. २०२० मध्ये कॉन्टिनेंटल पुन्हा थांबली. त्याआधी, ८० व्या वर्धापनानिमित्त, २०१९ ची मॉडेल म्हणून लिंकनने ८० मोटारी खास घडवल्या. किंमत लाख डॉलरच्या वर, आणि मागच्या दारांच्या बिजागऱ्या १९६१ प्रमाणेच मागील बाजूस.