बंडाबर्गची न बसलेली समिती

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याच्या वैद्यकीय मंडळाने जयंत पटेल या सर्जनबद्दल दिलेला एक दाखला २००३ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या वैद्यकीय मंडळाच्या टेबलावर होता. त्यावर छोटीशी नोंद होती: यांच्याबाबत जाहीर आदेश दप्तरी आहे, सोबतचा कागद पाहावा. सोबत कागद नव्हता. तो कुठे आहे, हे कोणी विचारले नाही. फेब्रुवारीत पटेलांची नोंदणी झाली.

गहाळ कागद म्हणजे सप्टेंबर २००० चा आदेश. यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांना त्यांना मनाई होती आणि गुंतागुंतीच्या रुग्णांबाबत दुसऱ्या सर्जनचे मत घेणे सक्तीचे होते. न्यूयॉर्कचा परवाना तर त्यांनी २००१ मध्ये परत केला होता. क्वीन्सलँडच्या अर्जात पूर्वीच्या निर्बंधांविषयी थेट प्रश्न होता. उत्तर लिहिले होते, ‘नाही’.

या लबाडीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कागदपत्रे क्रमाने लावली की नजर ठरते ती पुढच्या पायरीवर. नोंदणी म्हणजे राज्यात डॉक्टरकी करण्याचा परवाना. अमुक एका रुग्णालयात, तिथल्या सोयी लक्षात घेता, या माणसाने कोणती ऑपरेशने करावीत आणि कोणती करू नयेत, हा निराळा प्रश्न. तो सोडवण्यासाठी क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याचे लेखी धोरण होते. क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग समितीने उमेदवाराची पात्रता, अनुभव आणि शिफारसकर्ते तपासायचे, मग कामाची हद्द आखून द्यायची. मंडळाच्या हातून निसटलेली चूक सापडण्याची संधी इथेच होती.

बंडाबर्ग हे ब्रिस्बेनच्या उत्तरेचे, साखर आणि रमसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या सरकारी रुग्णालयात १ एप्रिल २००३ ला पटेल रुजू झाले आणि लवकरच शल्यविभागाचे संचालकही झाले. त्यांची नोंदणी डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागासाठीच्या खास तरतुदीखाली झाली होती. क्वीन्सलँडमध्ये तज्ज्ञ सर्जन म्हणून त्यांची पारख झालीच नव्हती. वैद्यकीय सेवांचे संचालक डॉ. डॅरन कीटिंग यांनी त्यांना ‘अंतरिम’ मुभा दिली. समिती बसेपर्यंतची ती सोय. पटेलांची दोन वर्षांची नोकरी संपली तरी ही समिती बसली नव्हती.

का बसली नाही? बंडाबर्ग आणि शेजारच्या फ्रेझर कोस्ट जिल्ह्याची मिळून एक समिती करायचे ठरले होते. त्यासाठी विशेषज्ञांच्या व्यावसायिक संस्थांकडून प्रतिनिधी हवे होते. त्यांची नावे येईनात, आणि वाट पाहण्यात महिने गेले. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने ही सबब मान्य केली नाही. माझ्या मते इथे दोष केवळ ढिलाईचा नाही. सर्जन मिळणे मुश्किल झालेल्या रुग्णालयाला, मिळालेल्या सर्जनची तपासणी लांबली तरी काही अडत नव्हते. शेजारच्या हर्वी बे रुग्णालयातही परदेशी प्रशिक्षण घेतलेले दोन डॉक्टर अशा पारखीविना, पुरेशा देखरेखीशिवाय हाडांच्या शस्त्रक्रिया करत होते.

समितीने काय विचारले असते, ते अतिदक्षता विभागाकडे पाहिले की कळते. बंडाबर्गचा हा विभाग छोटा. रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवायचे ते एखाद-दोन दिवस, पुढे ब्रिस्बेनला हलवायचे, अशी त्याची ऐपत. तिथे पटेल अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. अशा रुग्णाला ऑपरेशननंतर अनेक दिवस कडक देखरेख लागू शकते. सर्जन कितीही निष्णात असो, ही ऑपरेशने इथे करावीत का, हा प्रश्न उरतोच. २००३ च्या मध्यावरच तो विचारला तो समितीने नव्हे, तर त्या विभागाच्या मुख्य परिचारिका टोनी हॉफमन यांनी. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी जिल्हा व्यवस्थापक पीटर लेक यांना रुग्णांची प्रकरणे मांडणारे सविस्तर पत्र दिले. खात्याने दाद देण्यात फार वेळ लावला, तेव्हा आमदार रॉब मेसेंजर यांनी मार्च २००५ मध्ये तेच पत्र विधिमंडळात मांडले. पटेल एप्रिलच्या सुरुवातीला देश सोडून गेले. त्यानंतर ‘कुरिअर-मेल’चे पत्रकार हेडली थॉमस यांनी त्यांचे नाव गूगलवर टाकले आणि ऑरेगॉनचा आदेश हाती आला. जो कागद मंडळाने मागवला नाही, तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला होता.

पुढची चौकशीही सरळ पार पडली नाही. टोनी मॉरिस यांचा पहिला आयोग, त्यांच्या वागण्यातून पूर्वग्रह दिसतो या कारणावरून, सप्टेंबर २००५ मध्ये क्वीन्सलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने थांबवला. दाद मागणारे होते लेक आणि कीटिंग. मग जेफ्री डेव्हिस यांच्या नव्या आयोगाने नोव्हेंबरअखेर अहवाल दिला. आयोगासाठी रुग्णांचे कागद तपासणारे डॉ. पीटर वुड्रफ यांच्या मते १३ मृत्यूंमध्ये पटेलांच्या निकृष्ट उपचारांचा हात होता.

पटेलांवरच्या फौजदारी खटल्यात मात्र निकाल वेगळा लागला. जून २०१० मध्ये ज्यूरीने तीन सदोष मनुष्यवधांसाठी आणि एका गंभीर दुखापतीसाठी त्यांना दोषी ठरवले. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने हे सारे निकाल रद्द केले. फेरखटल्यात एका मनुष्यवधाच्या आरोपातून ते सुटले. अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी फसवणुकीची कबुली दिली आणि दोन वर्षांची निलंबित शिक्षा झाली. टिकली ती एवढीच शिक्षा, तीही नोंदणी आणि नोकरी मिळवताना सांगितलेल्या खोट्याबद्दल.