पार्किंगसाठी इंटरलॉकिंग ब्लॉक: कोणते घ्यावेत आणि कसे बसवावेत?

बंगल्याच्या किंवा रो हाऊसच्या पार्किंगमधले इंटरलॉकिंग ब्लॉक (पेव्हर ब्लॉक किंवा गट्टू) बसवल्यावर महिनाभर सगळेच छान दिसतात. पहिल्या पावसाळ्यानंतर मात्र काही ठिकाणी गाडीच्या चाकांखाली दोन खोलगट पट्टे पडतात आणि त्यात पाणी साचू लागतं. दोष बहुतेक वेळा ब्लॉकला दिला जातो. खरं कारण सहसा त्याच्या खालच्या थरांमध्ये असतं.

ब्लॉक कसा निवडावा?

पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. २००६ च्या आवृत्तीनुसार नुसत्या पायवाटेसाठी ५० मिमी जाडीचा एम-३० ब्लॉक चालतो. कार, रिक्षा अशा हलक्या वाहनांसाठी ६० मिमी जाडीचा एम-३५ लागतो. पाण्याचा टँकर किंवा टेम्पो आत येणार असेल तर ८० मिमीचा एम-४० घ्यावा. दुकानदार ५० मिमीचा ब्लॉक 'गाडीलाही चालतो' असं सांगतात, तिथे पैसे वाचवू नयेत.

रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दिसायला सुंदर, पण ओले झाले की घसरतात. उतारावर किंवा उघड्या पार्किंगमध्ये मशीनवर दाबून केलेला, थोडा खरखरीत ब्लॉकच बरा. खरेदीआधी एक ब्लॉक फोडून पाहावा. आतून तो भुसभुशीत असेल किंवा मोठ्या पोकळ्या दिसल्या, तर तो माल घेऊ नये. ब्लॉक किती दिवसांपूर्वी तयार झाले हेही विचारावं, कारण काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात.

किती लागतील? २०० × १०० मिमीचे आयताकृती ब्लॉक एका चौरस मीटरला ५० बसतात. १० × १८ फुटांचं पार्किंग म्हणजे १८० चौरस फूट, साधारण १६.७ चौरस मीटर. त्याला सुमारे ८३५ ब्लॉक लागतात. तुटफूट आणि कापणी धरून ८८० मागवावेत. उरलेले फेकू नयेत, पुढे दुरुस्तीला त्याच रंगाचे मिळतीलच असं नाही.

खालचं काम

काळी माती असेल तर तिच्यावर थेट काहीही बसवू नये. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, मग वरचे ब्लॉकही तिच्याबरोबर हलतात. माती शक्य तितकी खोल काढून तिथे मुरूम भरावा. तो एकदम न ओतता १०-१५ सेंमीच्या थरांत पाणी मारून धुमसावा, त्यावर खडीचा थर दाबून घ्यावा. पाण्याचा उतार याच वेळी काढायचा असतो: दर मीटरला दीड ते दोन सेंमी, घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. उतार वाळूच्या थरात काढला तर एका टोकाला वाळू जाड होते आणि तिथेच ब्लॉक खचतात.

ब्लॉक अंथरण्याआधी चारही कडांना कर्ब स्टोन किंवा काँक्रीटची पट्टी पक्की करावी. हे काम सर्रास टाळलं जातं. कड मोकळी राहिली की शेवटची ओळ बाहेर सरकते, आतले सांधे उघडतात, आणि 'इंटरलॉकिंग' नावापुरतंच उरतं.

ब्लॉक अंथरणं

खडीवर २० ते ४० मिमी जाडीची धुतलेली जाडसर वाळू किंवा क्रश सँड पट्टीने सपाट करावी आणि तिच्यावर पाय देऊ नये. क्रशरची बारीक डस्ट स्वस्त पडते, पण ती पाणी धरून ठेवते. कोपऱ्यातून दोरी लावून सुरुवात करावी. कारागिराने आधी बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे जावं. गाडीसाठी माशाच्या काट्यासारखी, म्हणजे हेरिंगबोन रचना सर्वांत भक्कम, कारण ब्रेक लावताना किंवा चाक वळवताना बसणारा ढकला त्यात सगळीकडे वाटला जातो.

सगळे ब्लॉक बसल्यावर प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावा. मग कोरडी बारीक वाळू झाडूने २ ते ४ मिमीच्या सांध्यांत भरून पुन्हा कॉम्पॅक्टर फिरवावा. शेजारचे ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात ते या वाळूमुळेच. सांध्यांत सिमेंट भरलं तर ते थोड्याच दिवसांत तडकतं, शिवाय ब्लॉक न फोडता काढता येत नाही. वाळूवर बसवलेल्या ब्लॉकवर गाडी त्याच दिवशी उभी करता येते.

पार्किंगला आधीच कोबा असेल आणि तो शाबूत असेल, तर एवढी खोदाई करायची गरज नाही. पॉलिप्रोपिलिन किंवा पीव्हीसीच्या एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स त्यावर गोंद न लावता बसतात. फक्त भिंतीपाशी थोडी फट सोडावी, कारण उन्हाळ्यात प्लॅस्टिक पसरतं आणि फट नसेल तर टाइल्स मध्येच उचलल्या जातात. पीव्हीसीवर टायरचे काळे डाग पडू शकतात. हलका रंग घेण्याआधी हे लक्षात ठेवावं.