साहेबाच्या दप्तरातले आपण

आपल्या माणसांचा इतिहास लिहू पाहणारा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला विद्यार्थी शेवटी कॅम्पबेलच्या गॅझेटियरपाशी येऊन पोचतो. ठाणे जिल्ह्याचे हे खंड 1882 सालचे. (उल्हासनगर त्यांत शोधू नये; ते नाव 1949चे.) आपल्या आजा-पणजांना अक्षरच बंद होते. तेव्हा साहेबाने लिहिले ते वाचण्यावाचून गत्यंतर नाही. प्रश्न एवढाच, की साहेबाला सांगितले कोणी?

माहिती जमली ती कचेरीतून. कलेक्टर, मामलेदार, कारकून, आणि हे कारकून कोणत्या आळीतले होते हे सांगायला नको. प्राचीन भागासाठी पंडित भगवानलाल इंद्रजींसारखा विद्वान लाभला. त्यामुळे अंबरनाथचे शिवालय आणि त्यातला शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा, शिलालेख ह्यांना मान मिळाला. दगडाला वाचणारा भेटला. कातकऱ्याला, महाराला कोण भेटले? ते आले ते 'जाती'च्या रकान्यात: पेहराव, खाणे, दारू, देव.

खैराचा कात काढणारा तो कातकरी, अशी व्युत्पत्ती सगळे देतात. पण 1878च्या जंगल कायद्याने खैराचे रान राखीव झाल्यावर त्याने काय काढायचे? साहेबी लेखनात आळस आणि चोरटेपणा हे त्याच्या रक्ताचे गुण ठरतात; कायदा वेगळ्या प्रकरणात राहतो. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचणे हे आपले काम आहे. मिझो अभ्यासकांपुढेही हाच पेच आहे: लुशाई टेकड्यांचा अधिकारी शेक्सपियर ह्याचे 1912चे पुस्तक टाकता येत नाही आणि जसेच्या तसे घेताही येत नाही.

म्हणून सगळे सरकारी कागद जाळा, असे मी म्हणणार नाही. ठाणे-कुलाब्यातल्या रयतेचा असंतोष इतका वाढला, की सरकारला 1885 साली जंगल कमिशन नेमावे लागले. 1887चा त्याचा अहवाल गॅझेटियरपेक्षा उपयोगी. तिथे माणूस नमुना नसतो, तक्रारदार असतो.

बाबासाहेबांनी हे कागद कसे वापरावेत ते दाखवून दिले आहे. 1874च्या वतन कायद्यात दुरुस्ती मागताना 1928 साली मुंबई कौन्सिलात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले: रात्रंदिवस राबणाऱ्या महाराच्या हाती महिन्याकाठी पडते किती? गॅझेटियरने ज्याला गावचा नोकर म्हटले, त्याचा हा पगार! ते वतन कायद्याने संपायला 1958 साल उजाडले.